हरवलेले एकोणचाळीस जीबी

“डिस्क फुल, डिस्क फुल! सकाळपासून हे एकच तुणतुणं लावलंय यानं,” असं म्हणत विमलकाकूंनी संगणकाच्या डोक्यावर चापट मारली. “माणसं तर सहाशे बारा. तेवढ्यानं याचं पोट फुटलं?”

“काकू, मारू नका. म्हातारा झालाय तो.”

“मग मी काय तरणी आहे? मी चालतेय ना!”

ही गोष्ट दोन हजार अकराच्या जानेवारीतली, बार्शीची. विमलकाकू खटावकर आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाच्या सचिव. साठी उलटलेली, पण आवाज असा खणखणीत की फोन न उचलताही पलीकडच्याला ऐकू जावा. आणि मी हर्षदा माळवदे, वय एकोणतीस. स्कूटीच्या डिकीत स्क्रूड्रायव्हर, केबली आणि जेवणाचा डबा घेऊन गावभर संगणक दुरुस्त करत फिरायचे. ‘घरपोच दुरुस्ती’ असं स्कूटीवर रंगवून घेतलं होतं. पोरं हसायची, पण धंदा बरा चालायचा.

रविवारी समाजाचा मेळावा होता. त्या दिवशी वाटायचं परिचय पुस्तक सोलापूरच्या छापखान्यात जायचं होतं. साडेतीनच्या एसटीनं ओळखीच्या कंडक्टरच्या हाती सीडी दिली तरच शनिवारपर्यंत पुस्तक छापून येणार होतं. पुस्तकाची फाइल काही तयार होईना, कारण तिला तात्पुरती पसरायलाही डिस्कवर जागा नव्हती. वर तीन वाजता लोडशेडिंग. मी पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

खरं सांगायचं तर त्या ऑफिसात पाऊल टाकायची माझी अजिबात इच्छा नव्हती. माझं लग्न आठ महिनेच टिकलं होतं. तेवढ्यात कळलं की नवऱ्याला बायको नको होती, त्याच्या आईला सून हवी होती. सुटले एकदाची आणि माहेरी आले. वर्षभरानं आईनं मला न विचारता याच मंडळात माझा अर्ज भरला. मी तिच्याशी कडाकडा भांडले. पण मग आतल्या आत मीही वाट बघायला लागले. चार वर्षांत एक फोन आला नाही. एक म्हणजे एकसुद्धा. आई पहिलं वर्षभर संध्याकाळी “आला का गं?” विचारायची, मग तिनं तेही सोडलं. आपल्याला आता कुणी विचारत नाही, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. चारचौघांत हसायचे, पण ते बोचायचंच. विमलकाकूंचा फोन आला तेव्हा ‘वेळ नाही’ म्हणणार होते, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

तर मी बसले. सी ड्राइव्ह चाळीस जीबीचा, शिगोशीग भरलेला. डी सत्तरचा, तोही लालेलाल. उघडून पाहिलं तर सात वर्षांच्या मेळाव्यांचं शूटिंग.

“यातले जुने मेळावे उडवू का?”

“उडवशील! प्रत्येकात अध्यक्षांचं भाषण आहे.”

“ते कुणी परत बघतं का?”

“अध्यक्ष बघतात.”

विषय संपला. मी संगणकाचा डबा उघडून डिस्कवरचं लेबल वाचलं. एकशे साठ जीबी. मग सी आणि डी मिळून एकशे दहाच कसे भरतात?

“म्हणजे पन्नास कुणी खाल्ले?” काकूंनी पदर खोचला. जणू चोर टेबलाखालीच बसला होता.

“अकरा कुणीच खाल्ले नाहीत. कंपनी हजारानं मोजते आणि संगणक एक हजार चोवीसनं, म्हणून एकशे साठचे एकशे एकोणपन्नासच दिसतात. ते जगात सगळीकडे तसंच. पण बाकीचे एकोणचाळीस कुठे गेले ते बघावं लागेल.”

डिस्कची सगळी वाटणी जिथे दिसते ती खिडकी उघडली. एका ओळीत तीन चौकटी होत्या. पहिली सी, शेवटची डी, आणि दोघांच्या मध्ये बरोबर एकोणचाळीस जीबीची एक चौकट. तिला ना नाव, ना अक्षर. अक्षर नाही म्हणजे ती ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसणार नाही. तयार संगणक असता तर म्हटलं असतं, कंपनीनं स्वतःच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली जागा असेल, तिला हात लावू नये. पण हा तर इथेच बार्शीत जोडलेला.

“रिकामीच असेल गं,” काकू माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. “पुसून टाक आणि त्या सीला जोडून दे. शेजारीच तर आहे.”

जोडता आलं असतं, अगदी दोन मिनिटांचं काम. माझा हात तसा गेलाही. ‘यातलं सगळं पुसलं जाईल, नक्की का?’ असं संगणकानं विचारलं आणि मी थांबले. तीन वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांकडे अशीच एक ‘रिकामी’ जागा मी हुशारीनं उडवली होती. तिच्यात त्यांच्या मुलीच्या बारशाचे सगळे फोटो होते. डॉक्टरांची बायको माझ्यासमोर रडली. तेव्हापासून कानाला खडा, उघडून पाहिल्याशिवाय काही पुसायचं नाही.

“काकू, आधी आत बघते.”

“अगं, एक वाजत आला!”

“वाजू द्या.”

मी ‘नाही’ दाबलं आणि त्या चौकटीला के हे अक्षर दिलं. टिंग झालं आणि खिडकी उघडली. आत एकच फोल्डर होतं. त्याचं नाव ‘पुनर्विवाह’. त्याच्या आत एकशे सात अर्ज, प्रत्येकाला फोटो जोडलेला.

काकू शेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या.

“काकू? काय झालं?”

“मुकुंदभाऊजींना फोन लाव,” त्या म्हणाल्या. “बडोद्याला. नंबर त्या डायरीत आहे.”

मुकुंदकाका आवसरे म्हणजे मंडळाचे आधीचे सचिव, तारखात्यातून निवृत्त झालेले. मंडळात संगणक आणला तो त्यांनीच. मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“काका, मी हर्षदा, माळवद्यांची. मंडळातून बोलतेय. त्या बिनअक्षराच्या ड्राइव्हमध्ये…”

“सापडलं?” पलीकडून जवळजवळ ओरडणंच आलं. “देवा रे! चार वर्षं झाली पोरी, कुणीतरी उघडलं एकदाचं!”

मग काकांनी जे सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. पूर्वी सगळे अर्ज एकत्रच असायचे. एकदा एक बाई मुलासाठी स्थळं बघायला आल्या. बघता बघता स्क्रीनवर एका घटस्फोटितेचा फोटो आला. बाईंनी ऑफिस डोक्यावर घेतलं, ‘आमच्या प्रथमवर मुलाला असली स्थळं दाखवता?’ समितीची बैठक बसली. दुसरेपणाची स्थळं वेगळी ठेवावीत असं ठरलं. आमच्या मंडळात कागदी रजिस्टरं वेगळी असायची, कपाटं वेगळी असायची, मग संगणकातही खोली वेगळी हवी. काकांनी डिस्क कापून तिसरा भाग केला.

“महिन्याभरात पुन्हा तक्रार! ती खोली दिसते म्हणे. पुन्हा बैठक. दिसताही कामा नये असं ठरलं. मग मी तिचं अक्षरच काढून टाकलं. दर एक तारखेला दार लावून अक्षर द्यायचो, पाचपंचवीस फोन करायचो आणि पुन्हा काढून टाकायचो. आपल्याच ऑफिसात चोरासारखा! त्यातून एकवीस लग्नं जमवली बरं का मी. मग हे हृदयाचं दुखणं निघालं आणि लेक इकडे घेऊन आली. पण चार्ज देताना मी कागदावर सगळं लिहून दिलं होतं.”

“भाऊजी,” काकू फोनकडे वाकल्या. त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. “तो कागद मी फाइलला लावला. वाचला नाही. आणि त्या दोन्ही बैठकांत हात मीही वर केला होता.”

“वहिनी, हात माझाही वर होता,” काका म्हणाले. “आता निस्तरा म्हणजे झालं.”

फोन ठेवला. मी यादी खाली सरकवत होते. म अक्षर आलं आणि माझाच फोटो समोर आला.

स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढे बसवून काढलेला, आईच्या बांगड्या घातलेला, डोळे अर्धवट मिटलेला फोटो. खाली जन्मतारीख, उंची, शिक्षण. आणि शेवटी ‘अपेक्षा’ या रकान्यात आईनं सांगितलेलं आणि काकांनी टाइप केलेलं एक वाक्य होतं, ‘काही नाही. कसेही स्थळ चालेल.’ अर्जावरची तारीख काकांनी बार्शी सोडायच्या तीन आठवडे आधीची होती.

म्हणजे मला कुणी नाकारलंच नव्हतं! चार वर्षं मी ज्या नकारावर कुढत होते तो कुणी दिलाच नव्हता. मला कुणी पाहिलंच नव्हतं. मला इतका राग आला की माउस फेकून द्यावासा वाटला, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अगं बाई, तू पण?” एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी माझं डोकं पोटाशी धरलं. त्यांच्या साडीला कापराचा वास येत होता. मग मलाच सोडवेना.

“रडून घे दोन मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मग हे सगळे पुस्तकात घालायचे. वेगळी पानं नाहीत, काही नाही. सगळ्यांबरोबर, अकारविल्हे.”

“आणि समिती?”

“समितीला मी बघते. तू जागा बघ.”

पुस्तक करणारा प्रोग्राम एका फोल्डरमधले सगळे अर्ज उचलायचा आणि आपोआप क्रमानं लावायचा. अर्ज त्या फोल्डरमध्ये टाकले की काम झालं. पण एकशे सातपैकी किती जणांची लग्नं एव्हाना झाली असतील कोण जाणे. त्याची काळजी मी करायचं कारण नव्हतं. काकूंनी चष्मा चढवला आणि बोट स्क्रीनवर ठेवलं.

“हिचं झालं, पंढरपूरला दिलीय. याचं झालं, मठ्ठा पातळ होता. हिचं झालं. हा दुबईला गेला, तिकडेच केलं, काढ. ही आहे अजून. हाही आहे.”

समाजातलं एकही लग्न न चुकवल्याचा असा उपयोग होईल हे त्यांनाही माहीत नसेल. पाऊण तासात एकेचाळीस नावं गळली. आठ-नऊ जणांबद्दल शंका होती त्यांना त्यांनी फोन लावले. पलीकडून एक बाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “काय हो, आता आठवण झाली का?” काकू म्हणाल्या, “हो बाई, आता झाली. बोल, आहेस का अजून?” ती होती. शेवटी सहासष्ट उरले.

तोवर मी माझं काम करत होते. सगळे अर्ज आधी माझ्या पेनड्राइव्हवर उतरवले. मग एका सीडीवरही घेतले. नुसतं कॉपी झालं म्हणून भागत नाही, म्हणून मधले मधले दहा अर्ज उघडून पाहिले, फोटो दिसतात का बघितले. डिस्क तपासून घेतली. मग यूपीएसची पाळी. प्लग काढल्यावर किती टिकतो ते विचारलं.

“तो नुसता ओरडतो गं,” काकू म्हणाल्या. “टिकत नाही. आमच्या अध्यक्षांसारखा.”

आणि नेमके अध्यक्षच दारात उभे होते. भगवानराव बोंगाळे, सफारी सूट, हातात भाषणाचा कागद. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू मात्र ढिम्म.

“बरं झालं आलात. पुस्तकात सहासष्ट स्थळं वाढलीत. आपलेच जुने अर्ज आहेत, पुनर्विवाहाचे.”

भगवानरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “ते… घालू या की. नाही कोण म्हणतंय? पण शेवटी घाला, वेगळ्या कागदावर. लोक काय म्हणतील, विमलताई? ठराव आहे आपला.”

“ठराव आहे ना? मग रविवारी स्टेजवर तुम्हीच वाचून दाखवा. या सहासष्ट जणांना आपण चार वर्षं कुलपात ठेवलं, कारण त्यांचे फोटो कुणाला दिसू नयेत असं आपलं ठरलं होतं. मी शेजारी उभी राहते. हात माझाही वर होता.”

भगवानराव माझ्याकडे वळले. “तांत्रिकदृष्ट्या वेगळं करायला किती वेळ लागेल?”

वेगळं करायला फार तर वीस मिनिटं लागली असती. माझ्या तोंडून आलं, “दोन तास. आणि तीनला लाइट जातात.”

आयुष्यात गिऱ्हाइकाशी मी एवढीच एक थाप मारलीय, आणि तिचं मला आजही काही वाटत नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं, भाषणाचा कागद पाहिला, आणि रुमालानं मान पुसली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्यात आमच्या मेव्हण्याची मुलगी आहे का बघा. आसावरी. तिचाही भरला होता.”

काकूंनी यादी पाहिली. “आहे. बारावं नाव.”

“मग असू द्या अकारविल्हे,” ते म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

दोन वाजून वीस मिनिटं. मी सगळं बंद केलं, पुन्हा एकदा पेनड्राइव्ह तपासला आणि मधली चौकट पुसली. आता ती जागा खरंच मोकळी झाली. मग सीवर उजवं बटण दाबून त्याला शेजारची जागा जोडून दिली. यात लाइट गेले तर होत्याचं नव्हतं व्हायची भीती, म्हणून मी श्वास धरून बसले आणि काकू देवाचं नाव घेत होत्या. दहा-पंधरा सेकंदांत झालं. चाळीसचा सी एकोणऐंशीचा झाला. माझा जीव भांड्यात पडला. सहासष्ट अर्ज पेनड्राइव्हवरून मोठ्या फोल्डरमध्ये, बाकीच्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“कर आता पुस्तक,” काकू म्हणाल्या.

“एक मिनिट. एका अर्जात दुरुस्ती आहे.”

मी माझा अर्ज उघडला. ‘काही नाही. कसेही स्थळ चालेल’ हे पुसलं. काकूंनी मुद्दाम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, पण एक डोळा इकडेच होता. मी टाइप केलं:

‘१. माझा संगणक दुरुस्तीचा धंदा आहे, तो सोडणार नाही. २. पहिल्या लग्नाबद्दल एकदा विचारावे, खरे उत्तर मिळेल. दुसऱ्यांदा विचारू नये. ३. मुलाने स्वतःचा अर्ज स्वतः भरलेला असावा.’

“तिसरी अट फार कडक आहे गं,” काकू म्हणाल्या. “आपल्या समाजात तसा एकही निघायचा नाही.”

“नसू दे.”

“बरं, नसू दे तर नसू दे. फोटो तरी बदल, झोपल्यासारखी दिसतेस.”

त्यांनी त्यांच्या मोबाइलवर तिथल्या तिथे माझा फोटो काढला. रडून नाक लाल झालेलं, केसांत डिस्कची धूळ. तोच घातला. पावणेतीनला पुस्तक तयार झालं आणि पाच मिनिटांत सीडीही. लाइट त्या दिवशी नेमके दहा मिनिटं उशिरा गेले. एसटी मात्र वेळेवर सुटली.

रविवारी मेळाव्यात पुस्तकं वाटली गेली. दोघी-तिघींनी कुरकूर केली. काकूंनी त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं माहीत नाही, पण त्या परत आल्या आणि निमूट जेवायला बसल्या. आसावरीचं त्याच उन्हाळ्यात जमलं. सहासष्टातली एकूण चौतीस लग्नं झाली. मुकुंदकाकांचा बडोद्याहून प्रत्येक लग्नाला न चुकता फोन यायचा.

आणि मला सोमवारपासून फोन सुरू झाले. आई तर वेडीच व्हायची बाकी होती. पहिला फोन मुलाच्या मामांचा. दुसरा वडिलांचा. तिसरा थोरल्या भावाचा, मग आत्याचा, मग पुन्हा एका मामांचा.

“मुलगा काय करतो?” मी विचारायचे.

“इथेच बसलाय की शेजारी.”

“तिसरी अट वाचली का त्यांनी?”

मग पलीकडे कुजबुज, आणि फोन बंद. असे अकरा झाले. आई म्हणाली, “अगं, काढून टाक की ती अट.” मी म्हटलं, “छापून झालीय आता.”

गुरुवारी एका गिऱ्हाइकाकडे प्रिंटर उघडून बसले होते तेव्हा बारावा फोन आला. पलीकडे एक पुरुष घसा खाकरत होता.

“मी करमाळ्याहून बोलतोय. अनिरुद्ध पुकाळे. शाळेत चित्रकला शिकवतो. तुमच्या पुस्तकात पान एकोणऐंशीवर माझाही अर्ज आहे, पाच वर्षांपूर्वीचा. मला वाटलं होतं हरवला.”

“हरवलाच होता,” मी म्हटलं. “मुलाचे कोण तुम्ही?”

“मी… मुलगाच.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“तुमची तिसरी अट वाचली,” तो म्हणाला. “तर अडचण अशी आहे की माझा अर्ज वडिलांनी भरलाय. मी आज पहिल्यांदाच नीट वाचला. त्यांनी लिहिलंय की मला क्रिकेट आवडतं. मला क्रिकेट कळतसुद्धा नाही हो. मंडळात कोरा अर्ज मिळेल का?”

“मिळेल. दहा ते पाच. पण स्वतः यावं लागतं.”

“शनिवारी चालेल?”

“चालेल. शनिवारी मीही असते तिथे, बॅकअप घ्यायला.”

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना तो मंडळाच्या दारात उभा होता. पेनही स्वतःचंच आणलं होतं.